निर्णय कोणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरामागून वाहणारा नाला भरावामुळे तुंबला होता आणि लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरले होते. त्या तीन कार्यालयांत जाऊन आल्या होत्या. पहिल्या ठिकाणी त्यांना सांगण्यात आले की नाला आमचा खरा, पण त्यावरील मोरी रस्त्याबरोबर दुसऱ्या खात्याकडे गेली आहे. दुसऱ्या ठिकाणी उत्तर मिळाले की मोरी आमची, पण ज्या जमिनीवर भराव पडला आहे ती आमच्या अखत्यारीत येत नाही. तिसऱ्या ठिकाणाहून त्यांना परत पहिल्या ठिकाणी पाठविण्यात आले. ‘‘फादर, नाला कुणाचा, तेवढं तुम्हीच सांगा,’’ असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना चौथे पत्र लिहून दिले, त्यावर धर्मग्रामाचा शिक्का मारला आणि देव बरे करील असे म्हटले. त्या पाठमोऱ्या चालू लागल्या तेव्हा आमच्या ध्यानात आले की त्यांच्या त्या फेऱ्यांत आम्हीही आणखी एक खिडकीच ठरलो होतो.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. मनुष्याच्या घरादाराशी, जमिनीशी, पाण्याशी संबंधित असा निर्णय कोणी घ्यावा? जो त्याच्या शेजारी राहतो त्याने, की ज्याच्यापाशी साधने, ज्ञान आणि साऱ्या प्रदेशाचा नकाशा आहे त्याने? आणि तो निर्णय चुकला, किंवा कोणी घेतलाच नाही, तर त्याचे पाप कोणाच्या माथी? प्रादेशिक नियोजनाच्या ग्रंथांतून पहिल्या प्रश्नाची चर्चा भरपूर आढळते. दुसरा प्रश्न मात्र त्या ग्रंथांच्या कक्षेबाहेर राहतो. तो कबुलीजबाबाच्या पिंजऱ्याजवळचा प्रश्न आहे आणि म्हणूनच आमच्यासारख्याने त्यावर दोन शब्द लिहिण्याचे धाडस करावयास हरकत नसावी.

पवित्र शास्त्र या विषयाला नवखे नाही. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसलेला असतो आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो हे पाहतो आणि त्याला सांगतो की यात तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. लहान गोष्टी त्यांनी निवाडाव्यात, मोठ्या तुझ्याकडे याव्यात. कारभाराच्या स्तरांची याहून जुनी आणि याहून सुटसुटीत योजना आमच्या पाहण्यात नाही. मात्र इथ्रोने त्याच वाक्यात या नायकांची पात्रताही सांगितली आहे. ते देवाला भिणारे, सत्याचे आणि लाचेचा तिटकारा असणारे असावेत. नियोजनकार मंडळी बहुधा इथ्रोच्या सल्ल्याचा पूर्वार्ध उचलतात आणि उत्तरार्ध मोशेकडेच ठेवतात.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत समाजविषयक शिकवणुकीच्या तासाला पोप पायस अकरावे यांचे १९३१ चे ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे विश्वपत्र अभ्यासास होते. त्यात जे तत्त्व मांडले आहे त्याचा मथितार्थ असा: व्यक्ती जे स्वतःच्या बळावर करू शकते ते तिच्याकडून काढून समाजाकडे देणे जसे अन्यायाचे, तसेच लहान समूह जे करू शकतो ते मोठ्या समूहाने बळकावणेही अन्यायाचेच. ते वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. इटलीत फासिस्ट सत्ता कॅथलिक युवक-संघटनांवर घाव घालीत होती, रशियात राज्यसंस्थेने शेत आणि संसार दोन्ही गिळले होते. अशा वेळी हे लिहिले गेले. या तत्त्वाला जे लॅटिन नाव आहे ते ‘सुब्सिदियुम’ या शब्दावरून आले. रोमन सैन्यात मागच्या रांगेत थांबलेली जी राखीव तुकडी, ती सुब्सिदियुम. पुढची फळी लढत असताना तिने मध्ये घुसावयाचे नसते. पण पुढची फळी ढासळू लागली असता तिने बसूनही राहावयाचे नसते. त्या तासाला आम्ही पहिली बाजू पाठ केली. दुसऱ्या बाजूचे वजन कळावयास नाल्याचे पाणी यावे लागले.

पुढे १९९२ साली मास्ट्रिख्ट येथे झालेल्या करारात युरोपीय राष्ट्रांनी हे तत्त्व आपल्या संघाच्या पायाभूत नियमांत घातले. ख्रिस्तसभेच्या एका विश्वपत्रातील विचार अशा रीतीने सरकारी भाषेत उतरला. तेथे त्याचे काय झाले, हे पाहावयाचे तर एखाद्या खंडप्राय देशाकडे पाहून उपयोग नाही. मोठ्या देशात अंतर हीच सबब असते. दिल्ली दूर आहे, असे आपण म्हणतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. म्हणून आम्ही अशा देशाकडे वळलो की जेथे काहीच दूर नाही.

तो देश म्हणजे माल्टा. वाचकांस तो अनोळखी नसावा, कारण प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटून दुसऱ्या अध्यायात संत पॉलचे गलबत फुटते ते याच बेटाजवळ. पाऊस पडत होता, थंडी होती आणि तेथील रहिवाशांनी त्या भिजलेल्या बंदिवानांसाठी शेकोटी पेटवली. मग बेटाचा जो प्रमुख, पुब्लियुस, त्याने त्यांना तीन दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. बेटाचा एक प्रमुख, त्याच्यावर सिसिली प्रांताचा अधिकारी आणि त्याच्यावर रोम, अशी उतरंड त्या काळीही होतीच. शेकोटी मात्र कोणाला विचारून पेटविलेली दिसत नाही.

आजचा माल्टा हा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान असा सार्वभौम देश आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५ लाख १९ हजारांवर भरली. त्याचे दुसरे बेट गोझो. त्याचे क्षेत्रफळ अवघे ६७ चौरस किलोमीटर आणि वस्ती ३९ हजारांच्या आसपास. मोठ्या बेटावरून गोझोला जावयाचे तर सुमारे पंचवीस मिनिटांचा जलप्रवास. त्या पंचवीस मिनिटांनी या देशाच्या कारभाराचे दोनशे वर्षे डोके दुखविले आहे.

इतिहासात फार खोल न शिरता एवढे सांगतो की मध्ययुगापासून माल्टा व गोझो येथे ‘युनिव्हर्सिता’ या नावाच्या स्थानिक नगरसंस्था होत्या. धान्य आणणे, बाजारावर देखरेख करणे ही कामे त्या पाहत. इंग्रजांचा अंमल बसल्यावर, १८१९ च्या सुमारास, त्या मोडीत निघाल्या. त्यापुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे माल्टात लोकांनी निवडलेली गावपातळीची संस्था अशी नव्हतीच. मग गावाचे म्हणून जे काही होते ते काय? धर्मग्राम. गाव म्हणजे धर्मग्राम, गावाची हद्द म्हणजे धर्मग्रामाची हद्द आणि गावाचा बोलणारा माणूस म्हणजे तेथला धर्मगुरू. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध १७९८ मध्ये उठाव झाला तेव्हा गोझोचा कारभार सावेरिओ कासार नावाच्या एका मुख्य धर्मगुरूच्या हाती आला आणि १८०१ पर्यंत तो त्याने चालविला. ख्रिस्तसभेने १८६४ साली गोझोला स्वतंत्र धर्मप्रांत केले. राज्यसंस्थेने गोझोसाठी वेगळे मंत्रालय उघडले ते १९८७ साली. या बाबतीत रोम हे व्हालेत्तापेक्षा गोझोला जवळ होते, असे गमतीने म्हणता येईल.

येथे आम्हा धर्मगुरूंना सुखावून जाण्याचा मोह होतो. पाहा, राज्याने जे मोडले ते देवळाने सांभाळले! परंतु सत्य सांगावयाचे तर पुरते सांगावे. हीच ख्रिस्तसभा, जी लोकांच्या सर्वांत जवळ होती, तिने १९६१ मध्ये मजूर पक्षाच्या कार्यकारिणीवर धार्मिक बंदी घातली आणि पुढील वर्षीच्या निवडणुकीत त्या पक्षाला मत देणे हे महापाप ठरविले. बंदी असलेल्या काही माणसांना मृत्यूनंतर अभिषिक्त भूमीत जागा मिळाली नाही. दफनभूमीच्या ज्या कोपऱ्यात त्यांना पुरले त्याला लोक उकिरडा म्हणत. हा दुरावा १९६९ च्या समेटापर्यंत टिकला. ज्यांच्या घरी हे घडले त्यांच्या मनांतून तो केव्हा गेला, हे कोणी सांगावे? जवळच्या माणसाने दार लावले म्हणजे जायला दुसरे दारच उरत नाही. दूरच्या सत्तेचा जुलूम थंड असतो. जवळच्या सत्तेला आपले नाव, आपले घर आणि आपला मयत झालेला बाप ठाऊक असतो. जे केवळ ‘सत्ता खाली आणा, सारे ठीक होईल’ असे म्हणतात त्यांनी हा कोपरा पाहून यावा, आणि आम्ही धर्मगुरूंनी तर तेथे गुडघे टेकावेत.

गोझोच्या लोकांनी खालची संस्था एकदा मिळवून गमावलीही. १९६१ साली तेथे एक नागरी परिषद स्थापन झाली होती. संपूर्ण बेटासाठी लोकांनी निवडलेली अशी ती संस्था होती. १९७३ साली सरकारने ती बंद करावी काय यावर गोझोत सार्वमत घेतले. शंभरात दोन मतदारही मतदानास गेले नाहीत. जे गेले त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी ‘बंद करा’ म्हटले आणि परिषद बंद झाली. घरी राहणाऱ्यांची कारणे काहीही असोत, आम्हाला या प्रसंगाने बरेच दिवस विचारात पाडले. पायस अकरावे यांच्या शब्दांच्या कसोटीवर येथे अन्याय झाला काय? वरच्याने खालच्याचे काढून घेतले हे खरे. पण खालच्याने ते हातात धरले होते काय? जे कोणी वापरीत नाही, ज्यासाठी कोणी उन्हातून शंभर पावले चालत जात नाही, ते हिरावले गेले असे म्हणणे कठीण जाते. आणि तरीही आम्ही त्यास न्याय म्हणू शकत नाही. मूल चालावयास शिकत नाही म्हणून त्याचे पाय काढून घेत नाहीत. मोठ्याचे कर्तव्य लहानाला चालते करण्याचे, आणि त्या दिवशी मोठा आणि लहान दोघेही आपापल्या कर्तव्याला चुकले.

वीस वर्षांनी वारे फिरले. १९९३ साली माल्टाने स्थानिक परिषदांचा कायदा केला. आज देशात अशा ६८ परिषदा आहेत, त्यांपैकी १४ गोझोत. योगायोग असा की आपल्याकडील त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली तेही १९९३ हेच वर्ष. आपल्या येथे काय घडले ते वसईच्या वाचकांस सांगावयास नको. घटनेने पंचायतीला आणि नगरपालिकेला मानाचे पान वाढले आणि २००९ मध्ये चार नगरपालिका व अनेक गावे एका महानगरपालिकेत विलीन झाली. गावे वगळावीत की राहावीत हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. त्या वादाची बाजू येथे मांडण्याचा आमचा हेतू नाही. दोन्हीकडे आमचेच धर्मग्रामस्थ होते.

माल्टातील परिषदांना २००१ साली त्या देशाच्या घटनेतही स्थान मिळाले. मात्र त्यांना स्वतःचा कर बसविता येत नाही. त्यांचा खर्च बहुतांशी मध्यवर्ती सरकारकडून येणाऱ्या रकमेवर चालतो. रस्त्यावरील दिवे, कचरा, बागा, लहान रस्ते ही त्यांची कामे. जमिनीचा वापर कसा व्हावा, इमारत किती मजल्यांची व्हावी, हे मात्र १९९२ साली स्थापन झालेल्या नियोजन प्राधिकरणाच्या व्यवस्थेकडे. मोठ्या प्रकल्पाचा निर्णय होताना त्या गावच्या परिषदेचा प्रतिनिधी मंडळावर बसू शकतो, पण तो अनेकांतला एक. थोडक्यात, गावाने आपला कचरा उचलावा आणि गावाचे रूप कोणीतरी दुसऱ्याने ठरवावे. २००६ साली बांधकामाच्या सीमारेषा वाढविण्यात आल्या, पुढे लोकसंख्या झपाट्याने फुगली आणि युरोपीय संघातील सर्वांत दाट वस्तीच्या या देशात पिवळ्या चुनखडीची जुनी घरे व त्यांच्या मागील लहान बागा यांच्या जागी सदनिकांचे ठोकळे उभे राहू लागले. वाडी विकून इमारत उभी राहिलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक वर्णनाची गरज नाही.

गोझोच्या पूर्व टोकाला काला नावाचे गाव आहे. गावाखाली समुद्राकाठी एक लहानशी खाडी आहे, तिचे नाव होन्दोक इर-रुम्मिएन, म्हणजे डाळिंबांचा खंदक. (माल्टी भाषा अरबीची लेक. तिचा ‘होन्दोक’ आणि आपला ‘खंदक’ हे एकाच अरबी शब्दाचे वंशज आहेत. भाषा कोठल्या कोठे पाहुणी जाते!) या खाडीवर हॉटेल, घरे आणि गलबतांचा तळ बांधण्याचा अर्ज २००२ साली झाला. काला गावच्या परिषदेने त्याच वर्षी गावात मतदान घेतले. मतदान करणाऱ्यांपैकी फार मोठ्या बहुमताने प्रकल्प नको म्हटले. त्या मताला कायद्याचे बळ नव्हते. तो नुसता एक शब्द होता. परवानगी नाकारली गेली ती २०१६ साली, आणि त्यानंतरही अपिले झालीच. चौदा वर्षे! म्हणजे ज्या मुलाला त्याच्या आईने कडेवर घेऊन मतदानाला नेले असेल तो दहावीच्या वयाचा झाला. एक लहान परिषद, जिच्यापाशी कर नाही, वकिलांची फौज नाही, ती एकच शब्द चौदा वर्षे उच्चारीत राहिली.

आता येथे वरचे स्तर वाईट आणि खालचा चांगला असा निष्कर्ष काढला तर आपण गोष्ट अर्धीच ऐकली. कारण काला गावाला साहाय्य झाले तेही वरूनच. अर्जाची छाननी करण्यास बांधलेले तज्ज्ञ, अपिलाचे न्यायमंडळ, पर्यावरणविषयक युरोपीय नियम, हे सारे वरचेच. गोझोला युरोपीय संघातही स्थान मिळाले. २००४ मध्ये माल्टा संघात दाखल झाला तेव्हाच्या करारास जोडलेल्या निवेदनात गोझोच्या दुहेरी बेटपणाचा, म्हणजे बेटाचे बेट असण्याच्या कायमच्या अडचणीचा उल्लेख आहे. लहानग्याचे दुःख त्याच्या थोरल्या भावासमोर मांडण्यासाठी कधीकधी आजोबांची गरज भासते. आणि जवळचेच सर्व काही न्यायाचे असते असेही नाही. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तेथे परवानगी हा उपकार होतो आणि उपकाराची परतफेड मतांनी होते. जेरेमी बुआसेव्हें या मानववंशशास्त्रज्ञाने १९६५ साली माल्टी गावांवर जे पुस्तक लिहिले त्यात एकाच धर्मग्रामात दोन संतांच्या सणांवरून, दोन बँडपथकांवरून पडलेल्या तटांचे चित्र आहे. सणाची मिरवणूक कोणत्या गल्लीतून जावी यावरून जेथे भाऊ भावाशी बोलत नाही, तेथे गावाचा विकास आराखडा एका तटाच्या हाती दिला तर दुसऱ्या तटाने कोणाकडे पाहावे? हे वाचताना आमच्याही सणांच्या काही सभा आम्हाला आठवल्या. नावे घेत नाही.

म्हणजे जवळ असणे पुरेसे नाही आणि वर असणेही पुरेसे नाही. मग कसोटी कोणती?

तिचे उत्तर आम्हाला काला गावात मिळाले नाही. ते माल्टाच्याच एका दुःखद घटनेत सापडले. ३ डिसेंबर २०२२ रोजी कॉर्डिन येथील औद्योगिक वसाहतीत बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि वीस वर्षांचा एक तरुण ढिगाऱ्याखाली मेला. जमीन सरकारी. ती देणारी संस्था एक, उद्योगाची शिफारस करणारी दुसरी, बांधकाम-परवानगीची तिसरी, बांधकामावर देखरेखीची चौथी आणि कामगारांच्या सुरक्षिततेची पाचवी. हे सारे गोझोसारखे समुद्रापार नव्हते. सर्व कार्यालये एकमेकांपासून थोड्याच अंतरावर. तरी त्या इमारतीकडे पाहणे हे आपले काम आहे असे कोणालाच वाटले नाही, कारण प्रत्येकापाशी दुसऱ्याकडे बोट दाखविण्याजोगा कागद होता. त्याच्या आईने सार्वजनिक चौकशीची मागणी लावून धरली. २०२३ च्या जुलैमध्ये संसदेने ती मतदानाने फेटाळली, आणि थोड्याच दिवसांत लोकक्षोभापुढे सरकारला माघार घेऊन चौकशी नेमावी लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. त्यात राज्यसंस्थेलाच या मृत्यूची जबाबदारी घ्यावी लागेल असे म्हटले आहे. त्यानंतर काही अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव काइनाला विचारतो, तुझा भाऊ कोठे आहे? काइन उत्तर देत नाही. तो अधिकारक्षेत्राचा मुद्दा उपस्थित करतो. भावाला राखणे हे माझ्याकडे आहे काय, असे तो उलट विचारतो. सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की पाप व्यक्तीचे असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी पापाच्या सामाजिक रचनांविषयी लिहिताना हेच बजावले की रचनेला दोष देऊन व्यक्ती सुटत नाही. पाच कार्यालयांत विभागले म्हणून पापाचे पाच लहान तुकडे होत नाहीत. एका पोळीचे पाच भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो. दुर्लक्षाचे तसे नाही. पाच जणांनी मिळून पाठ फिरविली तर प्रत्येकाने पुरतीच पाठ फिरविलेली असते.

म्हणून आमच्या मते स्तर किती असावेत, तीन की पाच, हा प्रश्न दुय्यम आहे. कोणत्याही स्तरावर निर्णय होवो, ज्याच्यावर तो कोसळणार आहे त्या माणसाला घेऊन उभा राहणारा, ‘हे माझे’ म्हणणारा एक तरी तेथे असला पाहिजे, आणि वरच्या स्तराचे पहिले काम तो असा कोणी आहे की नाही हे पाहण्याचे असले पाहिजे. पायस अकरावे यांच्या तत्त्वाची ही दुसरी बाजू. राखीव तुकडीने मागे थांबावे ते पुढची फळी कोणाची आहे हे ठाऊक असल्यावर. फळीच नसेल तर थांबणे म्हणजे पळणे. काला गावची परिषद दुबळी होती, पण ती ‘हे माझे’ म्हणत होती, म्हणून वरच्या संस्थांना साहाय्य करावयास निदान एक टोक सापडले. कॉर्डिनला पाच संस्था होत्या, पण टोक नव्हते.

कोणी म्हणेल की हे सारे राज्यकर्त्यांना सांगा, देवळात कशाला? त्याला उत्तर असे की ख्रिस्तसभाही अलीकडे याच प्रश्नाशी झुंजत आहे. २०२१ ते २०२४ या काळात जी जागतिक सिनड-प्रक्रिया झाली, तीत धर्मग्राम, धर्मप्रांत, बिशप परिषद आणि रोम यांपैकी कोणी काय ठरवावे याचाच ऊहापोह होता. त्या सिनडचे सरचिटणीस कार्डिनल मारिओ ग्रेक हे जन्माने त्याच काला गावचे, आणि दीर्घकाळ गोझोचे बिशप होते. यातून काही गूढ अर्थ काढावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु बेटाच्या बेटावर वाढलेल्या माणसाला ‘खालून ऐका’ हे सांगावयास बहुधा पुस्तक लागत नसावे.

आमच्या पॅरिश कौन्सिलच्या मागील बैठकीत आम्ही नाल्याचा विषय मांडला. एका सभासदांनी विचारले की हा आपल्या कार्यसूचीचा विषय आहे काय. प्रश्न योग्यच होता. आमचेही पहिले पत्र त्याच विचाराने लिहिले गेले होते. अर्धा तास चर्चा झाली आणि दोन तरुणांनी तो नाला मोरीपासून समुद्रापर्यंत चालून त्याचा नकाशा काढण्याचे पत्करले. तो त्यांनी काढला. त्यात नाला चार ठिकाणी अडलेला दिसतो, आणि त्यांपैकी एक जागा आमच्या देवळाच्या शाळेच्या कुंपणाशी आहे. तेथील भराव आम्ही पहिल्याच आठवड्यात उचलून घेतला. उरलेल्या तीन जागांसाठी तिन्ही कार्यालयांना एकच पत्र, एकाच दिवशी, एकाच वेळेस त्या भगिनींच्या अंगणात येण्यासाठी धाडले आहे. दोघांनी येऊ असे कळविले आहे. तिसऱ्यांकडे आम्ही येत्या सोमवारी स्वतः जात आहोत.